लिंबूपाण्याचा सल्ला जिवावर बेतेल

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतले दारू उतरवायचे ‘पार्टीनंतरचे उतारे’ वाचले. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ आणि ‘फारच झाली असेल तर मित्राला शांत झोपू द्या’. असं शांत झोपू दिलेला माणूस लेखकमहाशयांनी कधी जवळून पाहिलाय का?

मी पाहिलाय. निवृत्त परिचारिका आहे मी. अलिबागकडे नात्यातल्या हळदीला गेले होते. रात्री एक पोरगा स्वयंपाकघरात लिंबू मागायला आला. कशाला, विचारलं तर नुसता हसला. मागोमाग गेले तर मांडवामागे तांदळाच्या पोत्यांवर नवरदेवाचा चुलतभाऊ उताणा पडलेला. पैजेवर दारूची हाफ बाटली पाणी न घालता मारली होती म्हणे. ओठ निळसर, अंग गार, घशात घरघर, दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललेलं. आणि एक बहाद्दर त्याच्या तोंडात लिंबू पिळतोय! ‘मावशी, झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.’ कुशीवर वळवला तशी भडाभडा उलटी झाली. उताणाच राहिला असता तर ती श्वासनलिकेत गेली असती. त्यावर घरातल्या कर्त्यांचं सुरू, दवाखाना नको, पोलीस केस होईल, लग्नघरात शोभा नको. मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे गाडी निघाली. दवाखान्यात तपासलं तर रक्तातली साखरही पार खाली गेलेली. पोरगा वाचला. हल्ली मला पाहिलं की रस्ता बदलतो.

अहो, माणूस बेशुद्ध पडला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. मघाशी नुसता बरळणारा तासाभराने श्वास घ्यायचा थांबू शकतो. यकृत आपल्या गतीनेच काम करतं, कॉफी पाजून त्याला घाई करता येत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये, एवढं वाक्य लिहायला जागा नव्हती?

हातभट्टीने माणसं मेली की आपण पहिल्या पानावर छापता. छापायलाच हवं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. त्यात आधी काही कळत नाही, कित्येक तासांनी त्रास सुरू होतो, नजर जाते. ते विष वेगळं. पण दुकानातून बिल घेऊन आणलेल्या सीलबंद बाटलीनेही, अती झाली की, श्वास बंद पडतो. त्याची मात्र आपल्याकडे गंमत, आणि वर उतारे!

बाकी त्या मजकुराखालची अर्ध्या पानाची जाहिरात झकास होती. दारूच्या त्या प्रसिद्ध नावाचं ‘पॅकबंद पाणी’ आमच्या भागात एकाही दुकानात मिळत नाही. कुठे मिळतं तेवढं कळवावं. त्यातलीच दोन बोटं जागा काढून ‘कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा’ असं पुढच्या पुरवणीत छापलंत तर उपकार होतील.

– एक निवृत्त परिचारिका, पनवेल