युद्धाला पिढीचे वेळापत्रक नसते

मा. संपादक,
स. न.

दर ऐंशी वर्षांनी मोठे युद्ध होतेच आणि १९४५ नंतर आता ती वेळ आली आहे, असे सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाउ या अमेरिकी लेखकांनी १९९०च्या दशकात मांडलेला हा विचार. चार पिढ्यांचे एक चक्र. मागचे संकट भोगलेली माणसे गेली की पुढचे संकट येते. अमेरिकेची १७७५, १८६१ आणि १९४१ ही साले ओळीने मांडली की पटतेही. (१८६१च्या यादवी युद्धाच्या चक्रात एक पिढी गायबच आहे, हे मात्र त्या लेखकांनाच मान्य करावे लागले.)

मी मुरूडला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत असे. आमच्यासमोर जंजिरा उभा आहे. त्यासाठी शिवाजी महाराजांनी मोहिमा काढल्या, शेजारी पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात दगडांची भर घालून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली. शाहू महाराजांच्या काळात, १७३३ मध्ये, बाजीरावांनी पुन्हा जंजिऱ्याच्या सत्ताधारी सिद्दीविरुद्ध मोहीम उघडली आणि १७३६ मध्ये रेवसजवळ चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तिघांच्या राज्यात चाललेल्या या झगड्यात कोणती पिढी काय विसरली होती? कोणीच काही विसरले नव्हते. राजपुरीची खाडी तीच होती, किनाऱ्यावरच्या गावांच्या महसुलाचा वाद तोच होता, आणि सुरतेच्या जहाजांना संरक्षण हवे म्हणून मुघल सिद्दीला पाठबळ देत होते. कारण शिल्लक होते, म्हणून युद्धही शिल्लक होते.

चक्र आपल्या इतिहासाला लावूनही पाहिले. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला. बरोबर ऐंशी वर्षांनी १७६१, पानिपत. जुळले! पुढचे साल १८४१. तेव्हा आपल्याकडे काही नाही, पण तीन वर्षे पुढे सरकलो तर कोल्हापूर-सावंतवाडीकडचे गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिपायांचे, बंड सापडते. मग १७७५ ते १८१८ या काळातली इंग्रज-मराठ्यांची तीन युद्धे कुठे ठेवायची? सोयीची साले उचलली तर कोणतेही चक्र फिरवता येते. लुईस रिचर्डसन हा इंग्रज हवामानशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत होता. पुढे त्याने शंभराहून अधिक वर्षांतल्या युद्धांची मोजदाद केली, तेव्हा ती सुरू होण्याच्या सालांमध्ये त्याला नियमित चक्र दिसले नाही. ती साले यदृच्छेने पडावीत तशी पडलेली होती.

आठवणीला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाबद्दल आमच्याकडच्या चाकरमान्यांच्या घरांत अजून बोलतात. महाडजवळच्या फौजी आंबवडे गावात पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची आठवण गावाने जपली आहे. परंतु आठवण आहे म्हणून युद्ध टळते, हे मला इतिहासात दिसत नाही. १९३९चे युद्ध पेटवणारा हिटलर १९१४च्या खंदकांतून आलेला सैनिक होता. कारगिलच्या वेळी पाकिस्तानचे लष्करप्रमुख असलेले मुशर्रफ स्वतः १९६५च्या लढाईत होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि मे महिन्यात घुसखोरी उघड झाली. त्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय होते आणि त्या माणसांची नावे आपल्याला माहीत आहेत. चक्राचे नाव घेतले की त्यांना जाब विचारायचे राहून जाते. माझा खरा आक्षेप हाच आहे.

आपल्या लेखाचा आमच्या गल्लीत झालेला परिणामही सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा मुलगा मर्चंट नेव्हीत जाणार आहे. लेख वाचून ती म्हणाली, "सर, युद्ध तर होणारच आहे, मग याला बोटीवर कशाला पाठवू?" तिची भीती खरी आहे, २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. पण त्या हल्ल्यांमागे गाझामधले युद्ध आणि येमेनमधले हौथी बंडखोर आहेत, चौथी पिढी नव्हे. तिला मी सांगितले, की कंपनीला विचार: जहाज कोणत्या मार्गाने जाणार, विमा किती, आणि युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याची मुभा करारात आहे का. या प्रश्नांची माहिती देणारा लेख आपण छापावा, ही विनंती. कोकणातल्या बऱ्याच घरांना तो हवा आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
मुरूड-जंजिरा, जि. रायगड