अडथळ्याचे पाय धावणाऱ्याकडे असावेत

महोदय,

शालेय मैदानी स्पर्धांचे दिवस जवळ आले, म्हणून हे पत्र.

अडथळ्यांच्या शर्यतीतल्या ज्योती याराजीला पदक मिळालं की चार ओळींची बातमी येते. विशाखापट्टणमच्या या मुलीचे वडील सुरक्षारक्षक. जानेवारी २०२० मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धेत ती १०० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.०३ सेकंदांत धावली. तेव्हा राष्ट्रीय विक्रम होता १३.३८. पण तिची उत्तेजक चाचणीच घेतली गेली नव्हती, वेळ धरली नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोझिकोडला १३.०९. या वेळी पाठीमागचा वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला, विक्रमासाठी मर्यादा २ ची, म्हणून तीही वेळ धरली नाही! तरी पुढच्याच महिन्यात सायप्रसला १३.२३ वेळ देऊन तिने विक्रम मिळवलाच. मग २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी १२.७८, आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला त्याच स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. मला तिच्या पदकांपेक्षा ही चिकाटी मोठी वाटते.

आपल्या खानदेशात दमाची कमी नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यारस्त्यावर पोरं-पोरी धावतात. पण अडथळ्यांची शर्यत नुसत्या दमाची नाही. पहिला अडथळा १३ मीटरवर, पुढचे साडेआठ-साडेआठ मीटरवर, आणि दोन अडथळ्यांमध्ये पावलं तीनच. हे अंगवळणी पडायला वर्षं जातात, आणि आमच्या मुलींना अडथळा दिसतो तो थेट स्पर्धेच्या दिवशी.

तोही कसा? एका तालुका स्पर्धेत सगळे अडथळे उलटे मांडलेले मी पाहिले. अडथळ्याचे पाय धावणारी ज्या बाजूने येते त्या बाजूला असावेत, म्हणजे धक्का लागताच तो पुढे पडतो. उलटा मांडला की तो पडत नाही, मुलगीच पडते. त्या दिवशी आठवीतल्या एका पोरीचा गुडघा फुटला. तिने धसका घेतला आणि अडथळ्यांची शर्यतच सोडली. चांगली उंच, लांब ढांगांची पोर होती. फार वाईट वाटलं. काही ठिकाणी तर जाड लोखंडी नळ्या वेल्डिंग करून अडथळे बनवतात. ते हलतही नाहीत.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या क्रीडा अधिकाऱ्यांना विनंती आहे: प्रत्येक तालुक्याला नियमातल्या अडथळ्यांचा निदान एक संच द्यावा, तो शाळांना सरावासाठी आळीपाळीने मिळावा आणि शर्यतीआधी पंचांनी मांडणी स्वतः तपासावी. संच येईपर्यंत सरावाला कमी उंचीवर नुसती टेकवलेली हलकी पीव्हीसी नळीही चालते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
चोपडा, जि. जळगाव