रेडिओ बिघडलेला नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रेडिओवरच्या कार्यक्रमात ती तरुण मुलगी पियानो वाजवत असताना मधेच आवाज पार विरला, म्हणून तुम्ही व्हॉल्यूम वाढवलात आणि पुढच्याच क्षणी दचकलात ना? रेडिओ ठीक आहे. तिने तो भाग तितकाच हळू वाजवला होता, आणि माझ्या मते तिथेच तिची खरी तयारी दिसते.

पियानोची पट्टी दाबली की नमद्याचा हातोडा तारेवर आदळून लगेच मागे येतो. त्यानंतर सूर विरत जाणार. त्याला फुगवता येत नाही, सतारीसारखी मींडही काढता येत नाही. जे काही करायचं ते हातोडा तारेला लागायच्या आधी, बोटाच्या वेगाने. वेग जरा कमी पडला तर हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही आणि सूर गळतो. म्हणून जोरात वाजवण्यापेक्षा हळू वाजवणं अवघड.

माइक यातलं काही लपवत नाही. तो पियानोच्या फार जवळ ठेवला तर पट्ट्यांची खटखट आणि पेडलची धुसफूसही येते. फार लांब ठेवला तर खोलीचा घुमारा सुरांवर चढतो. साधारण दीड-दोन मीटरपासून सुरुवात करून जागा कानानेच ठरवावी लागते. स्टुडिओत घुमारा कमी असला की नवखे वादक उजवं पेडल जास्त वेळ दाबून ठेवतात. त्या पेडलने सगळ्या तारा मोकळ्या होतात. नवा स्वरसमूह वाजताना ते सोडून लगेच पुन्हा दाबायचं असतं. उशीर झाला की आधीचे सूर नव्यात मिसळून गढूळ होतात. या मुलीचं पेडल किती स्वच्छ होतं!

पियानोवादक ग्लेन गूल्ड 24 डिसेंबर 1950 रोजी कॅनडाच्या सीबीसी रेडिओवर वाजवायला बसला, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. माइकची ही जवळीक त्याला इतकी भावली की 1964 नंतर त्याने सभागृहांतल्या मैफिली सोडल्या आणि रेकॉर्डिंग व प्रसारणातच काम केलं.

आता ऐकण्याचं. निवेदिकेच्या आवाजावर व्हॉल्यूम ठरवू नका. पियानोचा सगळ्यात जोरदार भाग कानाला सोसेल इतका ठेवा आणि मग हात लावू नका. प्रसारणात हळू आणि जोरातलं अंतर बहुतेक वेळा आधीच थोडं कमी केलेलं असतं. तुम्ही बटण फिरवलंत तर उरलेलंही जाईल. मीडियम वेव्हपेक्षा एफएम लावा, त्यावर 15 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, त्यामुळे वरच्या सुरांची चमक टिकते. खरखर आली तर आधी एरियल पूर्ण उघडून दिशा बदलून पाहा, तरीही राहिली तर स्टीरिओ बंद करून मोनो करा. सगळ्यात खालच्या सुराची कंपनं सेकंदाला 27.5 असतात, ती छोट्या स्पीकरला झेपत नाहीत. बाबा, हेडफोन लावून ऐका, डाव्या हाताचं काम नीट कळेल.

तुमची,
लेक