ओलॅसॅयचा कोल्हा

वाई, रविवार रात्र

प्रिय बापू,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर "निवांत बोलू" म्हणत राहिलो आणि तो निवांतपणा काही आला नाही. आज लिहितोय, कारण हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

ओलॅसॅय गेली. रशियात शिकतानाची आपली बाश्किर आजी. गुरुवारी तिच्या नातवाचा निरोप आला. रात्री झोपेतच, म्हणाला. मी ओपीडीत होतो, पुढचा पेशंट खुर्चीवर बसलासुद्धा होता. त्याला म्हटलं, काका, दोन मिनिटं बाहेर थांबता का? दाराला कडी लावली आणि नुसता बसून राहिलो.

इकडे सगळं ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ थंडीत धरते. पुढे.

त्या रात्री चिमीला झोपवताना दुसरं काही सुचेना, म्हणून ओलॅसॅयचीच गोष्ट काढली. सुरुवात तिच्यासारखीच बाश्किरमध्ये केली, "बोरोन-बोरोन ज़मान्दा", फार फार जुन्या जमान्यात. चिमीला तेवढंच इतकं आवडलं की चार वेळा म्हणायला लावलं. 'ज़मान' म्हणजे आपला जमाना, हे सांगितल्यावर तर ती उठूनच बसली. मग दोस्ताला ते 'दूस' म्हणतात, दुनियेला 'दोन्या', हेही सांगितलं. औषधाच्या दुकानावर 'दारूखाना'सारखी पाटी असते आणि पहिल्या वर्षी ती वाचून तू रस्त्यातच कसा नाचला होतास, ते मात्र मोठी झाल्यावर सांगीन.

तर गोष्ट. तिसऱ्या वर्षाचा जानेवारी, उरालमधलं तिचं बुर्झ्यान, बाहेर उणे तीस. तुझे मोजे शेगडीवर वाळत होते आणि सगळ्या घराला त्यांचा वास. ओलॅसॅय चहाच्या वाटीत मध ढवळत सांगत होती. कोल्हा मेल्याचं सोंग घेऊन रस्त्यात पडतो. मासेवाला म्हणतो, वा, टोपीला कातडं झालं, आणि त्याला उचलून घसरगाडीवर टाकतो. इथे तिने खुंटीवरच्या आजोबांच्या टोपीकडे बोट दाखवलं होतं, ती तांबूस, कानावर येणारी. म्हणाली, "हा मात्र खरंच मेला होता." आपण किती हसलो होतो! कोल्हा एकेक मासा खाली टाकतो, स्वतः उडी मारतो. मग लांडगा येतो, मासे कुठे मिळाले विचारतो. कोल्हा म्हणतो, नदीच्या बर्फाला भोक आहे ना, त्यात शेपूट सोडून रात्रभर बस.

चिमीने मला तिथेच अडवलं. "बाबा, नदी कशी गोठेल?" कृष्णेच्या काठावर वाढलेल्या पोरीला हे सांगायचं कसं? मी तिला स्वयंपाकघरात नेलं. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, त्यात लोकरीचा एक जाड धागा सोडला आणि वाटी फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी तिने धागा ओढला तर वाटीच्या वाटी वर आली. ती लटकती वाटी ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लांडग्याला फार दुखलं असणार."

बापू, ओलॅसॅयचा आवाजही नेमका इथेच खाली यायचा. लांडग्याची फजिती ती कधी हसत सांगायची नाही. लांडग्याने पूर्वजांना वाट दाखवत उरालमध्ये आणलं, आणि 'बाश' म्हणजे डोकं, 'कोर्त' म्हणजे लांडगा, म्हणून आपण बाश्कोर्त, असं ती अभिमानाने सांगायची. त्यावर तू शहाणपणा केला होतास, की तुमच्या बोलीत तर कोर्त म्हणजे किडा, मधमाशी. तिने तुझ्या वाटीत आणखी एक चमचा मध घातला आणि म्हणाली, मग मधमाशीचंच खा.

आता खरी गोष्ट सांगतो. रात्र चढते, पाणी आवळत जातं, आणि कोल्हा लांडग्याभोवती फिरत दोन ओळी म्हणतो. त्या दोन ओळी ती गायची, बोटांच्या पेरांनी वाटीवर ताल धरून. चिमीने विचारलं, "कोल्हा काय म्हणतो?" आणि माझं तोंड उघडंच राहिलं. पहिली ओळ येते, "तुङ, कोयरोक, तुङ". गोठ, शेपटी, गोठ. दुसरी ओळ गेली. ताल आठवतो, शेवटी तिचा आवाज वर जायचा तेही आठवतं, शब्द एकही नाही. तीन दिवस झाले. पेशंटचं बीपी घेताना पट्ट्यातली हवा सुटते ना, त्या आवाजावरसुद्धा मी तो ताल जुळवतोय.

रशियन पुस्तकांत ही गोष्ट सापडते, पण तिथली कोल्ही ताऱ्यांना लखलखायला सांगते. ती ओलॅसॅयची ओळ नव्हे. तिच्यात तारे नव्हते एवढं मला पक्कं माहीत आहे.

तिने आपल्याला 'उराल बातिर', त्यांचं ते वीरकाव्य, ऐकवलं होतं, ते आठवतंय? ते उरलं कसं? १९१० मध्ये मुखामेत्शा बुरांगुलोव सेसेन लोकांसमोर, म्हणजे त्यांच्या शाहिरांसमोर, बसला, ते गात गेले आणि हा लिहीत गेला. एका माणसाने वही काढली म्हणून ते आज आहे. आपण सहा जण होतो, सहांच्या खिशात फोन होते. आपण मोज्यांचे फोटो काढले. हे मला खातंय, बापू. तिचं वय दिसत होतं. पुढच्या सुट्टीत पुन्हा येतो म्हणालो आणि पुढच्या सुट्टीत घरी पळालो.

तू म्हणशील, दोन ओळींचं काय घेऊन बसलास? पण त्या दोन ओळी तिच्या होत्या. कोल्हा सगळ्यांचाच आहे.

आणि कोल्ह्यावरून आठवलं. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुझं म्हणणं, कोल्हा हा कोल्हाच नव्हे, खरं नाव खोकड. तुझे मामा वनखात्यात, त्यामुळे तुझा आवाज मोठा. मी आता कबूल करतो, तू बरोबर होतास. आपला कोल्हा वेगळा प्राणी, त्यांच्या 'त्युल्क्यो'चा भाऊबंद म्हणजे खोकड. तरीही आपल्या खोकडाच्या शेपटीचं टोक काळं आणि त्या टोपीच्या टोकाला शिवलेलं शेपूट पांढरं होतं, हे मीच तुला दाखवलं होतं. पण चिमीला "खोकड आलं" म्हटलं की ती खोकल्याची नक्कल करते, गोष्ट पुढे सरकतच नाही. शिवाय कोल्हा की कोल्ही? ओलॅसॅयला ही अडचणच नव्हती, तिच्या भाषेत तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'उल'. म्हणून तर रशियन बोलताना ती एका वाक्यात 'तो' म्हणायची आणि पुढच्यात 'ती'. माझ्या मराठीत पहिल्या वाक्यालाच ठरवावं लागतं. मी कोल्हा ठेवलाय. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणणाऱ्या घरातली पोर ती, आणि त्यांच्याकडे कोल्ह्याच्या स्वप्नातही कोंबडीच, एवढं तिला पटलं.

बाश्किरांची राजधानी उफा, तिच्या शहरचिन्हावर धावतो तो कोल्हा, यावर तू शंभर रूबल लावले होतेस. तो मार्टेन आहे, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. पूर्वी झारला कर म्हणून जी कातडी आणि मध जायचा, त्यातलं ते कातडं. शंभर रूबल अजून येणं आहे.

एक चांगली बातमी तिला सांगायची राहिली. २०२५च्या जुलैत आपले किल्ले आणि तिच्या गावाजवळची शुलगान-ताशची गुहा एकाच बैठकीत जागतिक वारसा यादीत गेले. मी नातवाला कळवणार होतो, तिला रायगडाचा फोटो दाखव म्हणून. कळवलं नाही.

वहिनींना नमस्कार. दवाखान्याच्या वरच्या मजल्याचं काम कुठवर आलं? धाकट्याचं दहावीचं टेन्शन तू घेऊ नकोस, तो घेईल. कोल्हापूरला फेब्रुवारीत येईन म्हणतोय.

आणि आता काम. तुझी हिरवी वही, फार्माकॉलॉजीची. त्या रात्री ती तुझ्याकडे होती, तू मागच्या पानावर काहीतरी खरडत होतास आणि मी विचारल्यावर "डोसेज" म्हणालास. बुर्झ्यानमध्ये शेगडीपाशी बसून कोण डोसेज लिहितं? माळ्यावर असेल तर काढ. वहिनींना नको सांगूस, तू स्वतः चढ. काही सापडलं तर फोटो नको, फोन कर आणि म्हणून दाखव. कितीही वाजलेले असू देत.

तुझा,
अण्णा