लाजिरवाणी हार पचली, अटीतटीची नडली

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सप्टेंबर उजाडला की एखादा बडा संघ हमखास आपटतो. मग चाहत्यांमधून दोनच सूर निघतात : 'संपला हंगाम' किंवा 'अजून बरेच सामने आहेत, काळजी कशाला'. नोटर डेम या विद्यापीठाच्या संघाच्या 2024 आणि 2025 या दोन हंगामांनी दोन्ही सूर खोटे पाडले.

7 सप्टेंबर 2024 रोजी पाचव्या क्रमांकावरचा हा संघ घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून 16-14 असा हरला. तोही 14 लाख डॉलर मोजून बोलावलेल्या पाहुण्याकडून! सगळा राग क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, रायली लेनर्डवर निघाला. दोन इंटरसेप्शन दिल्यावर, म्हणजे दोन फेका प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्यावर, तो निघणारच. दुसरे इंटरसेप्शन तर 14-13 अशी आघाडी असताना आणि जेमतेम सहा मिनिटे उरली असताना दिले. अशा वेळी चेंडू घेऊन धावायचे आणि घड्याळ पळू द्यायचे असते. पाहुण्यांनी नेमके तेच केले आणि 31 सेकंद उरले असताना 35 यार्डांचा फील्ड गोल मारला, म्हणजे किक मारून चेंडू गोलच्या खांबांमधून पार केला.

पण हार दोन गुणांची होती आणि नोटर डेमच्या दोन किक अडवल्या गेल्या होत्या, याची चर्चा फारशी झाली नाही. एक फील्ड गोल तीन गुणांचा. शेवटची किक 62 यार्डांची, म्हणजे निव्वळ जुगार. चेंडूपासून गोलरेषेपर्यंतचे अंतर, त्यात गोलरेषेमागच्या एंड झोनचे 10 यार्ड आणि मागे बसून किकसाठी चेंडू धरणाऱ्या होल्डरपर्यंतचे सात-आठ यार्ड मिळवले की किकची लांबी निघते. इतक्या लांबून मारायचे तर चेंडू सपाट काढावा लागतो आणि समोरच्या फळीतल्या उंच खेळाडूचा हात त्याला सहज लागतो. पूर्वार्धाच्या शेवटी अडवली गेलेली किक मात्र 48 यार्डांची होती. तिला ही सबब नाही.

हे दोष सरावाने सुधारण्यासारखे होते. पुढच्याच आठवड्यात या संघाने पर्ड्यूला 66-7 असे धुतले आणि थेट अंतिम सामना गाठला. तिथे ओहायो स्टेटने त्यांना 34-23 असे हरवले.

2025 मध्ये सुरुवातीचे दोन्ही सामने गेले, मायामीकडून 27-24 आणि टेक्सस ए अँड एमकडून 41-40. दोन्ही संघ तगडे, दोन्ही पराभव निसटते. दुसऱ्या सामन्यात नोटर डेमला आपल्या शेवटच्या टचडाउननंतरची (चेंडू गोलरेषेपार नेल्यावर मिळणारी) जादा गुणाची किक मारताच आली नाही, कारण होल्डरच्या हातात स्नॅप, म्हणजे मागे फेकलेला चेंडू, नीट बसला नाही. तो एक गुण मिळता तर 41-41 होऊन सामना जादा वेळेत गेला असता. त्यानंतर ओळीने दहा विजय मिळवूनही 12 संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, जागा मिळाली नाही.

आयपीएलसारखा गुणतक्ता इथे नसतो. पाच जागा कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांना जातात, उरलेल्या सात निवड समिती देते. फुटबॉलमध्ये नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यामुळे सगळी भिस्त या सात जागांवर. शेवटच्या आठवड्यापर्यंत समितीच्या क्रमवारीत ते मायामीच्या वर होते आणि मधे बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) होता. बीवाययू आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हरून खाली घसरला, मायामी आणि नोटर डेम शेजारी आले. दोघांचीही कामगिरी 10-2, म्हणजे दहा विजय, दोन पराभव. मग समितीने ऑगस्टमधला त्यांचा आपसातला सामना काढला आणि जागा मायामीला गेली. आदल्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉय या जागांच्या शर्यतीतच नव्हता, म्हणून ती नामुष्की पचली होती.

समितीशी वाद घालता येईल, आम्हीही घालतो. पण नोटर डेमने तो सामना जिंकला असता तर समितीपुढे हा प्रश्नच आला नसता. म्हणून विनंती एवढीच, की अशा पराभवाची बातमी देताना क्वार्टरबॅकच्या आकड्यांबरोबर हुकलेल्या आणि अडवलेल्या किकही छापाव्यात, आणि हरवणारा संघ डिसेंबरमध्ये त्याच जागेसाठी भांडणार आहे का, तेही एका ओळीत सांगावे.

— काही वाचक, पुणे