भाई, तुम्ही आम्हाला खणायला शिकवलंत

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पडवीवर बसून आभार मानू लागलं की तुम्ही आत चहा सांगता आणि विषय मुलांच्या अभ्यासावर नेता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. आपल्या गोव्यातल्या दिचोली तालुक्यात खाण म्हटली की लोकांना लाल धूळ, ट्रकांच्या रांगा आणि पाण्याने भरलेले खंदक आठवतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या सगळ्यात तुमच्यासारख्या खाणीत जन्मभर दगड वाचणाऱ्या माणसांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. तुमचं ज्ञान एका घराच्या किती कामी आलं, हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

माझा भाऊ अमेरिकेत युटा राज्यात राहतो. त्याच्याकडे गेलो की दोन्ही घरं मिळून वाळवंटात टोपाझ नावाचं रत्न शोधायला जातो. थॉमस डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला टोपाझ माउंटन आहे, जवळचं गाव डेल्टा. तिथली काही सरकारी जमीन हौशी लोकांसाठी मोकळी आहे. हातोडी-छिन्नी न्या, खणा, सापडेल ते स्वतःसाठी ठेवा. मात्र आसपास दुसऱ्यांच्या खाणहक्काच्या जमिनीही आहेत, आणि तिथे दगडाला हात लावायचा नाही. पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा आम्हाला एवढीच माहिती होती. मुलांना तुमच्याकडे पाठवलं ते सहज, आणि नंतर आम्ही मोठेही येऊन बसू लागलो.

तुम्ही रत्नापासून सुरुवात केलीच नाही. आधी नखाने काय ओरखडतं, तांब्याच्या नाण्याने काय, काचेने काय, हे मुलांकडून करून घेतलंत. क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, कठिनता ७, टोपाझची ८, हे त्यांना पाठ करावं लागलं नाही. मग त्या डोंगराची गोष्ट सांगितलीत. आपल्या लोहखनिजाचे थर अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि तिथला ऱ्हायोलाइट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, अवघा साठ-सत्तर लाख वर्षांचा. लाव्हा निवताना त्यात वायूंमुळे पोकळ्या राहिल्या आणि फ्लोरिनयुक्त वाफांतून त्या पोकळ्यांत टोपाझचे स्फटिक वाढले. म्हणून अख्खा खडक फोडत बसायचं नाही, पोकळ्यांची रांग शोधायची आणि तिच्या कडेकडेने छिन्नी चालवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ऱ्हायोलाइटची कपची सुरीसारखी उडते. टोपाझ कठीण असला तरी एका पातळीत सरळ दुभंगतो, तेव्हा स्फटिक दिसला की हातोडी खाली ठेवायची.

रंगाबद्दल तुम्ही सांगितलेलं तर तिथे गेल्यावर डोळ्यांनी पाहिलं. खडकाच्या पोटातून निघणारा टोपाझ मधासारखा असतो, आणि उन्हात राहिला की रंग उडून पाण्यासारखा नितळ होतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे आतले स्फटिक आम्ही लगेच कागदात गुंडाळून डब्यात ठेवले. धाकटीला छिन्नी धरवत नव्हती, तिला तुम्ही वेगळं काम नेमून दिलं होतंत. सकाळी ऊन तिरपं असताना कोरड्या ओहोळातून सूर्याकडे तोंड करून चालायचं, आणि जमिनीवर चमकेल ते उचलायचं. खडकातून सुटून वाहत आलेले रंग उडालेले स्फटिक तिला तिथेच मिळाले. माझी आई छत्रीखाली चाळण घेऊन बसली होती. जन्मभर तांदळातले खडे वेचून फेकलेली तिची नजर आमच्यापैकी कुणालाच नव्हती. आम्ही चाळून टाकलेल्या मातीतूनही तिने स्फटिक काढले.

डोंगरावर फोन लागत नाही. संध्याकाळी डेल्टाला पोचलो की फोटो पाठवायचो. तुमच्याकडे तेव्हा सकाळ झालेली असायची, आणि एकदाही तुम्ही ‘नंतर बघतो’ म्हणाला नाहीत. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “रेघा उभ्या की आडव्या?” स्फटिकाच्या बाजूंवर आडव्या रेघा असतील तर क्वार्ट्झ, उभ्या असतील तर टोपाझ. आता मुलं तुमच्याआधीच उत्तर लिहून पाठवतात. एकदा टोपाझजवळ काळी चकचकीत पापडी सापडली. मुलाने ती तुम्ही दिलेल्या फरशीच्या खरखरीत पाठीवर घासली, लाल रेघ उमटली, आणि तो ओरडला, “मामा, हे आमच्या दिचोलीचं लोहखनिज, हेमॅटाइट!” भाई, त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होतात.

डेल्टातलं टोपाझ म्युझियम बघा, असंही तुम्हीच बजावलं होतंत. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो अमेरिकनांना त्या गावाजवळच्या छावणीत डांबलं होतं, १९४२ ते १९४५. छावणीला नाव याच डोंगराचं. तिथले लोक आसपास दगड शोधत फिरत, आणि १९४४ मध्ये त्यांच्यातल्या दोघांना, अकियो उजिहारा आणि योशिओ निशिमोतो यांना, ५२९ किलोचा लोखंडी उल्कापाषाण सापडला. तो पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेला. अन्यायाने कोंडलेली माणसं मोकळा वेळ मिळताच दगड बघत होती, हे ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही.

आणि ज्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे ते आता लिहिते. निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मुलांना जवळ घेऊन म्हणालात, “खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.” खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाने, आपल्या तालुक्यातले खंदक रोज बघणाऱ्या मुलांना सांगितलेलं हे वाक्य आहे. मुलांनी ते असं धरलंय की दुसऱ्यांनी उघडे टाकलेले खड्डेही ती फावड्याने भरत बसतात आणि आम्हाला डबे उघडायला थांबावं लागतं. भावाच्या मुलांनाही आता तीच सवय लागली आहे.

तुमच्यासाठी एक तुकडा राखून ठेवला आहे, खडकात बसलेला टोपाझ, कागदातच गुंडाळलेला. तो द्यायला मुलं रविवारी येतील. आणि एक विनंती आहे. चवथीनंतर आपल्या वाचनालयात गावातल्या मुलांसाठी चार रविवार द्या. फरशीचे तुकडे, नाणी, काचा मी जमवते, दगड तुमच्या कपाटातले आणा. तारीख तुम्ही सांगा, बाकी मी बघते.

तुमची,
पलीकडच्या वाड्यावरची मुलांची आई