ठासणीची बंदूक शिकवणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मागे शेती संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला आणि ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक घरातच राहिली. ती भरायची कशी हे मला तुम्ही शिकवलंत, म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहितेय, कारण कुडाळपासून देवगडपर्यंत अशा बंदुका घरोघरी वारशाने आल्या आहेत.

पहिल्या दिवशी तुम्ही दारूला हातच लावू दिला नाहीत. नळीच्या मागच्या निपलवर केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, नाही ना ते पाहिलंत आणि गज, म्हणजे ठासायची लांब काठी, नळीत सोडलात. जिथे थांबला तिथे बोटाने धरून बाहेर काढलात, नळीला बाहेरून लावलात. तो तळापर्यंत पोचलाच नव्हता. आत जुना बार, म्हणजे आधीच ठासलेली दारू, होता! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. माझी पोरं त्याच खोलीत झोपायची, आबा. दारू भिजवून निकामी करून, गजाला मळसूत्र लावून तुम्ही तो बार ओढून काढलात. मला मात्र बजावलंत की हे काम जाणत्याचंच. मग गजावर रिकाम्या नळीची खूण करून दिलीत. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की आजही मी आधी ती खूण बघते.

पुढचं सगळं तुम्ही कारणासकट सांगितलंत, म्हणून डोक्यात बसलं. दारू काळीच, बंदुकीला सोसेल तेवढी, आणि डब्यातून थेट नळीत कधीच नाही, मापाने. आत ठिणगी उरली असेल तर डबाच हातात पेटेल. ठासण, म्हणजे दारूवर दाबायचा बोळा, दारूला टेकेपर्यंत बसवायची, मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. तोंड नळीवर आणायचं नाही. केप सगळ्यात शेवटी, बांधावर उभं राहून, नळी मोकळ्या दिशेला धरून. बार उडाला नाही तर नळी तशीच रोखून निदान मिनिटभर थांबायचं, कारण तो उशिरानेही उडतो. ते मिनिट फार लांब वाटतं, पण तुम्ही शेजारी उभे राहून मला ते थांबायला शिकवलंत.

डुकरं भातात शिरली की मी फक्त दारू आणि ठासणीचा आवाज काढते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं भान तुम्हीच दिलंत. आणि त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावते. दारूची राख ओल धरते, आणि आपल्या खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार!

तुमचे उपकार मोठे आहेत. येत्या दसऱ्याला बंदूक पूजेला मांडण्याआधी गज तुमच्या हातूनच टाकायचा आहे. सकाळी लवकर या, घावणे करते.

तुमच्या मित्राची लेक